मागच्या चाकाचा हंगाम

परतीचा पाऊस एकदाचा गेला. काल सकाळी खालून आवाज आला. घर्रर्र, मग एक ठसका, परत घर्रर्र, आणि मग जो सुटला तो सुटलाच. चार महिने कव्हरखाली झोपलेली कुठलीतरी मोठी गाडी कोणीतरी जागी केली होती. मी दाढी करत होतो. एका गालाला साबण तसाच ठेवून गॅलरीत धावलो. समोरच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधून निळा धूर निघत होता आणि एक माणूस अर्ध्या चड्डीवर गाडीभोवती फिरत होता, जशी गाय व्यायल्यावर घरधनी गोठ्यात फिरतो तसा.

"अहो, तोंड धुवा आधी," ही आतून ओरडली. ही म्हणजे आमची सुलोचना. "ती गाडी काही पळून जात नाहीये."

नाही जात. पण ऊन असं स्वच्छ पडलंय, रस्ता असा कोरडा खडखडीत झालाय की माझ्यानं घरात बसवत नाही. लोकांचा हंगाम आंब्याचा असतो, लग्नाचा असतो, पोरांच्या परीक्षेचा असतो. माझा हंगाम हा असा. पाऊस संपल्यापासून थंडी अंगात शिरेपर्यंत. या दिवसांत दुपारच्या उन्हात रबराला एक वास सुटतो. नवीन टायरचा वेगळा, घासलेल्याचा वेगळा, जुन्यावर नवं रबर चढवून रिमोल्ड केलेल्याचा आणखी वेगळा. मी चौथीपर्यंत शिकलो. बाकीची शाळा काशिमिऱ्याला हायवेवर झाली, टायरच्या दुकानात. ट्रकचे टायर खोलले, जोडले, पुढं स्वतःचं दुकान टाकलं आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर ते इम्तियाजला दिलं. इम्तियाज माझ्याच हाताखाली तयार झालेला, आता स्वतः दोन लेकींचा बाप. दुकान त्याचं झालं, पण तिथल्या स्टुलावर अजून मीच बसतो. तोही काही म्हणत नाही. म्हणाला तरी मी उठणार नाही.

तर आमच्या गाडीबद्दल. ती स्कूटर नव्हे, नेहमीची मोटारसायकलही नव्हे. पुढं मोठी काच, दोन्ही अंगांना पेट्या, मागं बसणाऱ्याला पाठ टेकायला गादी, हात ठेवायला दांडे. आडवी पडली तर दोघांनाही उचलत नाही. जवळच्या पूनम सागर सोसायटीतले नवीनभाई हौसेनं घेऊन बसले होते, मग त्यांचा गुडघा गेला. गाडी पार्किंगमध्ये पडून राहिली, कबुतरांनी तिच्या कव्हरवर संसार मांडला. मी रोज येता-जाता बघायचो. एक दिवस नवीनभाईच म्हणाले, "तात्या, तमे लई जाओ. देखके दिल जलता है." केवढ्याला घेतली ते मी हिलासुद्धा सांगितलेलं नाही, तर तुम्हाला काय सांगणार?

पण घेतली कशासाठी ते सांगतो. हिला गाडी लागते. लागते म्हणजे कशी, तर एस्टी लागते, मोटार लागते, रिक्षा उड्डाणपुलावर चढली की रिक्षा लागते. लग्न होऊन ही रायगडातून इकडं आली ती टेम्पोतून, आणि नवरीच्या शालूसकट सगळं धुवावं लागलं होतं. तिचं माहेर श्रीवर्धनच्या अलीकडं, घाटापलीकडं. त्या घाटाच्या भीतीनं ही माहेरी जायचीच टाळायची. गेली तर पोचल्यावर खाटेवर आडवी, ती दुसऱ्या दिवशी उठायची. आणि या गाडीवर पहिल्यांदा बसवून घोडबंदरपर्यंत फिरवून आणली, तर खाली उतरून म्हणते कशी, "एवढंच? अजून पुढं का नाही गेलो?" वारा तोंडावर लागतो, चौफेर उघडं, म्हणून असेल. डॉक्टरला विचारलं नाही. विचारून काय करायचंय?

काही वर्षांमागचा एक हंगाम मात्र वेगळाच उजाडला.

गणपतीच्या दिवसांत भाऊचा फोन आला. भाऊ म्हणजे हिचा एकुलता एक भाऊ. दरवर्षी भाऊबीजेला तो इकडं यायचा, पिशवीत सुपाऱ्या, आमसुलं, सुकी मासळी घेऊन. त्या पावसाळ्यात तो वाडीत शेवाळावर घसरला आणि मांडीचं हाड मोडून बसला. म्हणाला, "सुले, यंदा काय मला जमायचं नाय. तू ये म्हणत नाय मी. तुला सोसत नाय ते मला ठाव हाय." हिनं फोन ठेवला. बराच वेळ लसूण सोलत बसली. लागणार होता त्याच्या चौपट लसूण सोलला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "गाडीचा टायर कधी येणार होता हो?"

तीच तर गोम होती. मागच्या टायरला टक्कल पडलं होतं. एवढी वजनदार गाडी, वर आम्ही दोघं, पेट्यांत सामान. मागचा टायर बघता बघता झिजून जातो. आणि या गाडीचा टायर म्हणजे बाहेरच्या देशातनं यायचा. दुकानदाराला फोन केला की तो सांगायचा, माल जहाजात आहे. आठवड्यानं विचारलं तरी जहाजातच. शेवटी म्हणाला, "अंकल, दिवाली के बाद." दिवाळीच्या नंतर टायर आणून त्याची काय आरास करू? भाऊबीज काय जहाजाची वाट बघते?

त्या दिवसांत मी फोनवर एक व्हिडिओ बघितला. पांढऱ्या दाढीचे गोरे म्हातारे, माझ्याच वयाचे, असल्याच अवजड गाड्यांवर, सरळ लांबच लांब रस्त्यावर चाललेत. आणि मागच्या चाकाला चक्क मोटारीचा टायर! मला इंग्रजी कळत नाही, पण टायर कळतो. मी तो व्हिडिओ थांबवून, मोठा करून, परत परत बघितला. मोटारसायकलचा टायर पोटाला गोल असतो, गाडी वळताना आडवी होते ती त्या गोलाईवर. मोटारीचा टायर सपाट, पाटासारखा. तो आडवा कसा होणार? होतो म्हणे. कडेवर चढतो. म्हातारे हसत होते, वळत होते. माझ्या अंगावर काटा आला. या वयात असा काटा येणं म्हणजे काय, ते ज्याला आलाय त्यालाच विचारा.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी स्टुलावर हजर.

"तात्या, ये नहीं बैठेगा," इम्तियाज म्हणाला.

"बैठेगा."

"रिंग का किनारा अलग है. गाड़ी का टायर, मोटारसायकल का रिंग. टायर के किनारे का तार टाइट जाएगा."

"टाइट जाएगा मतलब जाएगा."

"फट गया तो?"

"तो तू दूर खडा रह. मी भरतो हवा."

तो मला काय हवा भरू देणार! दिवसभर आमचं हेच. बापलेक भांडावेत तसं. संध्याकाळी त्यानं मुकाट्यानं चाक खोललं. त्या मापाचा मोटारीचा टायर आणला, साबणाचं पाणी दोन्ही कडांना सढळ फासलं, पहारीनं एक-एक बोट कड आत घातली. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. मग फुटलं तर उडू नये म्हणून चाक लोखंडी जाळीच्या आत ठेवलं आणि कॉम्प्रेसर सुरू केला. आम्ही दोघं भिंतीआड. हवेचा काटा चढतोय, चढतोय, टायर फुगतोय पण कड काही बसत नाही. इम्तियाज तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता, मी गावदेवीला हाक मारत होतो. आणि ठाक्! एका बाजूची कड बसली. थोड्या वेळानं परत ठाक्! दुसरी. शेजारच्या चहावाल्यानं किटली टाकली हातातली.

त्या दोन आवाजांची नशा मला अजून आहे. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही लहान पोरासारखे हसत सुटलो. चाक गाडीला चढवलं, दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी फट होती. टायर कुठं घासत नव्हता. मागून गाडी बघितली तर काय रुबाब! पहिलवानानं मांड ठोकून बसावं तशी.

हे वाचून उद्या कोणी उठून टायर बदलायला जाऊ नये. गाडीची कंपनी नको म्हणते, विमावाला नको म्हणतो, आणि त्यांना वेड लागलेलं नाही. आमच्याकडं मोठ्या गाडीवाल्यांचा एक क्लब आहे, दर रविवारी जातात कुठं कुठं. त्यांचा पुढारी प्रथमेश, पूनम सागरला राहतो, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्यानं टायर बघितला आणि तो उकिडवा बसला. वाकून, हात लावून नीट बघितला. मग उभा राहून म्हणाला, "काका, राग मानू नका. हा टायर असेपर्यंत क्लबच्या राईडला तुम्हाला घेता येणार नाही. वळणात गाडी फसली तर तुमच्या मागचे चार जण पडतील."

"मग मला मागं ठेवा सगळ्यांच्या."

"काका, विषय तो नाहीये. काकूंना मागे बसवणार आहात तुम्ही."

बरोबर बोलत होता. मला ते तेव्हाही कळत होतं. पण बरोबर बोलणाऱ्याचं ऐकायची मला सवय नाही. मी म्हटलं, "तू तुझा क्लब सांभाळ. मी माझी बायको सांभाळतो."

मग रोज पहाटे मी गाडी घेऊन उत्तनकडं जायला लागलो. भाईंदरचा बाजार ओलांडला की पुढं मिठागरं, खाडी, आणि मग तारोडीकडं वळणावळणाचा रस्ता. त्या दिवसांत तिथं बोंबील वाळत घालायला सुरुवात झालेली असते. बांबूंच्या ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील लटकलेले, तोंडात तोंड अडकवून, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात सगळे चांदीसारखे. वास तर असा की नवख्याला सोसणार नाही, मला मात्र भूक लागते. तिथं मी वळायला शिकत होतो. सरळ रस्त्यावर गाडी म्हणजे स्वर्ग. हलत नाही, डुलत नाही, खड्डा गिळून पुढं. पण वळण आलं की गाडीचं डोकं फिरलं! मी डावीकडं दाबतोय आणि ती ताठ. नवा बैल जोडीला घातल्यावर कसा मान वाकडी करून आपल्याच मनानं जातो, तशी. हँडल दाबून धरावं लागायचं, सोडलं की उभी. रस्त्यावर जुनं डांबर आणि नवं डांबर जिथं मिळतं त्या रेघेवर गेली की त्या रेघेच्याच मागं लागायची.

मासळी वाळत घालणारी एक कोळीण मला रोज बघायची. चार-पाच दिवसांनी तिनं कमरेवर हात ठेवून हाक मारली, "ए बाबा! काय हारावलाय का तुजा?"

"नाही हो. गाडी शिकतोय."

"आता शिकतंस? मंग म्हातारपनी काय करशील?"

तिच्या बरोबरच्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. तिनं मला दोन ओले बोंबील दिले, वर्तमानपत्रात गुंडाळून. ते खिशात घालून मी आणखी दोन फेऱ्या मारल्या. केवढा आनंद होता! रात्री डोळे मिटले की वळणं दिसायची.

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला आम्ही पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या धुतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. लिंबू फुटलं की वर्षभराची पीडा गेली. हिनं झेंडूचा हार स्वतः ओवला होता. काचेला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, पुढच्या चाकाखाली एक आणि मागच्या चाकाखाली एक लिंबू ठेवलं. सगळी बिल्डिंग जमलेली. मी ऐटीत गाडी सुरू केली आणि हळूच पुढं घेतली. पुढचं लिंबू फच्चकन फुटलं. मागचं फुटलं नाही. त्या सपाट टायरनं त्याला पुढं ढकललं, ते निसटलं आणि घरंगळत घरंगळत गटाराच्या झाकणापाशी जाऊन थांबलं. अख्खं. ओरखडासुद्धा नाही. का फुटलं नाही ते मला आजही नीट सांगता येत नाही. टायर सपाट म्हणून असेल, लिंबू कच्चं असेल, मी गाडी फार हळू सोडली असेल.

हिनं पदर खोचला आणि म्हणाली, "मी नाही बसणार या गाडीवर."

"अगं, दुसरं लिंबू ठेवू."

"देवीनं एकदा सांगितलं. तिला काय परत परत विचारायचं?"

ते लिंबू आमच्या वॉचमननं उचललं आणि रात्री वरणावर पिळून खाल्लं. दुसऱ्या दिवशी मी हिला मुद्दाम सांगितलं, "बघ, ठणठणीत आहे तो."

"त्याला कुठं घाट चढायचाय?" ही म्हणाली.

पुढचे दिवस घरात नुसती भांडी वाजत होती. मी हट्टाला पेटलो, टायर काढणार नाही. ही हट्टाला पेटली, बसणार नाही. दिवाळी जवळ यायला लागली. करंज्यांचं सारण झालं, चकल्या झाल्या, भाऊसाठी वेगळा डबा भरून झाला. तो डबा कोण नेणार, हे दोघांपैकी कोणीही बोलेना.

त्याच दिवसांत ही रोज दुपारी बाहेर जायला लागली. विचारलं तर म्हणायची, भाजीला. पण भाजी आणायची नाही. एक दिवस मी इम्तियाजच्या दुकानातून बघितलं, समोरच्या स्टॉपवर ही बसमधून उतरली. तोंडाला ओला रुमाल, चेहरा पांढराफटक. दिव्याच्या खांबाला धरून उभी राहिली. मी धावत रस्ता ओलांडला.

"हे काय करतेस?"

"सवय करतेय," ती म्हणाली. "रोज एक स्टॉप पुढं जायचं ठरवलं होतं. म्हटलं दिवाळीपर्यंत एस्टीत बसण्याइतकी होईन." मग धाप टाकत म्हणाली, "तिसऱ्याच्या पुढं जातच नाही हो मी."

आम्ही चालत घरी आलो, ती पुढं, मी मागं. जिन्यात थांबून ती म्हणाली, "उद्या मला त्या गाडीवर बसवा. लिंबाचं मी देवीशी बोलते."

दुसऱ्या दिवशी पूनम सागरला एक फेरी मारून आणली. उतरल्यावर तिनं मागच्या टायरला चपलेनं दोनदा ठोकलं. "दगडावर बसल्यासारखं वाटतंय. हवा किती भरलीत?" मी ट्रकवाला माणूस, हवा कडक असली म्हणजे टायर निरोगी, हे माझ्या रक्तात. संध्याकाळी मी थोडी हवा कमी केली. तिनं सांगितलं म्हणून नाही. माझ्याही मनात तसंच होतं.

भाऊबीजेच्या पहाटे निघालो. हिनं साडीच्या आत आमच्या लेकीची जुनी ट्रॅकपँट घातली होती, वर साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर हेल्मेट. "कोणी बघत नाही ना?" विचारत टांग टाकून बसली. गेटबाहेर पडलो तर तिथं प्रथमेश, त्याच्या गाडीवर, जॅकेट घालून.

"तू कुठं?"

"तुम्ही ऐकणार तर नाहीच. मग मी पेणपर्यंत मागून येतो, टायर बघत. त्याच्या पुढं नाही येता येणार, माझी बहीण वाट बघतेय."

त्याला कधी मी चांगलं म्हटलं नव्हतं. अजूनही तोंडावर म्हणत नाही. पण त्या पहाटे आरशात त्याचा दिवा दिसत होता, तो दिसत राहिला की बरं वाटायचं. ठाण्याच्या पुढं उजाडलं. पनवेल गेलं. पेणला मी आणि प्रथमेशनं मिसळ खाल्ली, हिनं नुसतं पाणी घेतलं. प्रथमेशनं खाली बसून टायरला तळवा लावला. "गरम नाही फार," तो म्हणाला, जरा निराश झाल्यासारखाच. मग काकूंच्या पाया पडला आणि परत फिरला.

आणि पुढचा रस्ता! मला तो रस्ता लिहिता येत नाही, तो चालवायचा असतो. दोन्ही अंगांना भात पिवळं झालेलं, कुठं कापणी सुरू, कापलेल्या भाताचा तो कोवळा गोड वास हेल्मेटच्या आत शिरतोय. ऊन चढतंय पण वारा गार. गाडी अशी चालली होती की जणू रस्ताच मागं ओढला जातोय आणि आम्ही जागच्या जागी. कोलाड गेलं, माणगाव आलं. मी गात होतो. ही मागून पाठीत बुक्क्या मारत होती, "गाऊ नका, रस्ता बघा!"

माणगावच्या पुढं घाट लागला आणि माझं गाणं बंद झालं.

पहिलंच मोठं वळण. मी हँडल दाबलं, गाडी आडवी व्हायला लागली, आणि मध्येच ताठ झाली. सरळ चालली. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, आणि वरनं एस्टी उतरत होती. तिचा हॉर्न अजून माझ्या कानात आहे. मी सगळं वजन टाकून हँडल ओढलं, एस्टी आरशाला चाटून गेली. पुढं मोकळी जागा होती तिथं गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. ही उतरली नाही. तिचा श्वास मला हेल्मेटमधून ऐकू येत होता.

"आता?" ती म्हणाली.

मला कारण कळलं होतं. ही वळणात ताठ बसते. घाबरून उलट्या बाजूला अंग टाकते. गोल टायर होता तोवर ते खपून गेलं, मी एकटा गाडी वळवायचो. या टायरला तेवढ्यानं भागत नव्हतं. आता हे तिला सांगायचं म्हणजे मदत मागायची. माझ्या तोंडातून ते निघता निघेना. शेवटी म्हटलं, "सुलोचना, वळणात तू माझ्याबरोबर झुकलीस तर जमेल. माझ्या एकट्याच्यानं नाही होत."

"किती झुकू?"

"मी जेवढा झुकेन तेवढी. वळण आलं की मी सांगतो."

तिनं मागून मान काढून पुढचा रस्ता बघितला. मग म्हणाली, "तुम्ही कशाला सांगताय? या घाटाचं एक-एक वळण मला पोटातून माहीत आहे. लहानपणापासून प्रत्येक वळणावर ओकलेय मी. आता पुढं डावं येईल, लांबट. ते संपतंय न संपतंय तोच उजवं, अगदी गपकन."

मी गाडी सुरू केली. झाडीतून रस्ता दिसायच्याही आधी ती म्हणाली, "डावं! हां, आता!" आणि झुकली. मीही झुकलो. त्या टायरची कड रस्त्यावर बसली, मला ती हाडांत कळली, आणि ती अवजड गाडी, तो हट्टी बैल, मान खाली घालून वळला.

"उजवं! आता!"

वळला.

"परत उजवं, छोटं. सरळ थोडं. आता डावं, इथं वडाचं झाड येईल!"

आलं वडाचं झाड. मी पुढं बघतोय आणि ही मागून घाट वाचतेय. तिचा आवाज चढत गेला. भीती कुठल्या वळणावर उतरून गेली कोणास ठाऊक! माथ्यावर पोचेपर्यंत ती जवळजवळ ओरडत होती आणि खाली उतरताना तर हसतच होती, मोठ्यांदा, हेल्मेटच्या आत. एवढ्या वर्षांत मी तिचं असलं हसणं ऐकलं नव्हतं. आम्ही दोघं एका अंगानं डावीकडं, एका अंगानं उजवीकडं. संसारात इतकं एकमत आमचं कधी झालं नाही, आणि घाट संपल्यावर परत झालेलंही नाही, हे खरं सांगतो.

मी परवा दुकानात बसून इम्तियाजला हे सगळं परत सांगत होतो. तो म्हणाला, "तात्या, हर साल सुनाते हो." सांगणारच. हंगाम दरवर्षी येतो ना? सुपारीला मोहर दरवर्षी येतो, त्याला कोणी म्हणतं का की झालं की गेल्या वर्षी? त्या टायरनं पुढं दोन दिवाळ्या काढल्या, मग मी तसाच दुसरा बसवला. क्लबवाले अजून मला घेत नाहीत. नका घेऊ.

तर त्या दिवशी भाऊचं घर आलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सुपारीच्या वाडीतून आत शिरलो, सावली एकदम गार अंगावर आली. भाऊ ओटीवर काठी धरून उभा होता. आम्ही येतोय हे फोनवर कळवलं होतं, म्हणून त्यानं ओटीवर खाट टाकून ठेवली होती, वर धुतलेली चादर, उशाशी पाण्याचा तांब्या, खाली बादली. दरवेळी बहीण आली की तिला आधी हेच लागायचं. ती आडवी झाली की तो तिथंच पायाशी बसून राहायचा, ती उठेपर्यंत. भाऊ-बहिणीचं बोलणं सुरू व्हायलाच दुसरा दिवस उजाडायचा.

ही गाडीवरून उतरली. हेल्मेट काढलं, केस नीट केले. भाऊ एक हात पुढं करून, पडली तर धरू म्हणून तयार. पण त्याची नजर मागच्या चाकावर गेली. "अगं सुले," तो म्हणाला, "ह्यो तर मोटारीचा टायर हाय! ह्येच्यावर बसून आलीस तू? भावजींना अक्कल..."

"त्यांना काही बोलायचं नाही," ही फाडकन म्हणाली. "त्याच टायरवर आलेय मी, आणि त्याच टायरवर जाणार आहे. ती बादली आधी उचल तिथून."

भाऊ बघतच राहिला. मी टॉवेल घेऊन विहिरीवर गेलो. तोंड धुवायला तसा एवढा वेळ लागत नाही, पण मी तिथं बराच वेळ पाणी ओढत राहिलो. ओटीवरून तिचा आवाज येत होता, घाटातला तोच चढलेला आवाज.

"आणि वहिनी कुठंय? तिला सांग, ओवाळणी नंतर. आधी पान वाढ. मला भूक लागलेय."